घरचं बीपी-शुगर मोबाइलवर नोंदवून डॉक्टरांपर्यंत पोचवायचं कसं

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर रात्री अकराला येणारा मेसेज साधारण असा असतो: बीपी मशीनच्या पडद्याचा तिरका फोटो, त्यावर १५८/९४, आणि खाली 'सर काय करू?' हे कुणाचं बीपी, कधी मोजलं, गोळीच्या आधी की नंतर, जिना चढून आल्यावर की शांत बसून, यातलं काहीच त्यात नसतं. या फोटोवर कुठलाही शहाणा डॉक्टर औषध बदलत नाही. 'उद्या दाखवायला या' म्हणतो आणि पाठवणारा नाराज होतो.

घोळ क्रमाचा असतो. बहुतेक जण आधी ॲप उतरवतात, विचारेल त्याला 'अलाऊ' करतात, मग सुचेल तेव्हा मोजतात आणि भीती वाटली की पाठवतात. खालचा क्रम याच्या बरोब्बर उलटा आहे. फोन चौथ्या टप्प्यावर येतो.

## १. आधी कागदावर तीन ओळी

वहीच्या पानावर एवढंच लिहा:

- काय मोजायचं आहे
- कुठल्या प्रश्नासाठी
- किती दिवस आणि कुणाला दाखवायला

उदाहरणार्थ: 'बाबांचं बीपी. गोळी पुरते आहे का ते पाहायला. सात दिवस, गंगापूर रोडच्या डॉक्टरांना.' किंवा: 'आईची शुगर. नवीन गोळी लागू पडते का. चौदा दिवस, उपाशी आणि रात्रीच्या जेवणानंतर.' किती दिवस, कुठल्या वेळा, हे शक्यतो डॉक्टरांनाच विचारून घ्या. तपासणीला गेल्यावर 'घरी मोजून आणू का, आणि कसं हवं तुम्हाला?' हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा असतो.

प्रश्न ठरलेला नसेल तर घड्याळ पावलं, झोप, ऑक्सिजन, 'स्ट्रेस' असं सगळं गोळा करत राहतं आणि तीन महिन्यांनी हाती फक्त रंगीत आलेख उरतात. बीपीच्या प्रश्नाला पावलांचा आलेख लागत नाही.

## २. मशीन तपासा

बीपी मशीन. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाची मशीन हाताच्या उंचीत जरा फरक पडला की आकडा बदलतात. पट्ट्याचं माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. शिवणकामाची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर मिळणारा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो, नेमकं माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. दंड ३५ सेंटिमीटरचा आणि पट्टा ३२ चा असेल तर बीपी खोटं जास्त दाखवणार. मग मोठा पट्टा वेगळा विकत घ्यायचा, मशीन बदलायची गरज नाही.

ग्लुकोमीटर. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत आणि डबी उघडल्याची तारीख पाहा. डबी उघडली त्या दिवशीच तिच्यावर पेनाने तारीख घाला. स्ट्रिप मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवायच्या. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या स्ट्रिपवर विश्वास ठेवू नका.

घड्याळ आणि तारीख. सेल बदलले की कित्येक मशीनची तारीख मूळ पदावर जाते. मग ॲपमध्ये आजचं बीपी दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जाऊन बसतं आणि 'ॲप घेतच नाही' अशी तक्रार सुरू होते. मोजण्याआधी मशीनची तारीख, वेळ आणि सकाळ-संध्याकाळची खूण फोनशी जुळवा.

> इशारा: कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी किंवा शुगर सांगणारी ॲप काढून टाका. फोनच्या कॅमेऱ्याने नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजता येतात, बीपी आणि शुगर येत नाही. त्वचा न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळ-अंगठ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केलं होतं, की असं एकही उपकरण त्यांनी मान्य केलेलं नाही. काही घड्याळं बीपी दाखवतात, पण त्यांना ठरावीक दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. न जुळवलेल्या घड्याळाचा आकडा डॉक्टरांना पाठवू नका.

## ३. मोजायची पद्धत

इथे चुकलं तर पुढचे सगळे टप्पे वाया. म्हणून जरा थांबून वाचा.

### बीपी

1. मोजण्याआधी ३० मिनिटं चहा-कॉफी, तंबाखू, विडी, चालणं-व्यायाम नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही बीपी वाढतं.
2. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. सोफ्यात रुतून किंवा जमिनीवर मांडी घालून नको. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत.
3. पट्टा उघड्या दंडावर बांधा, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत स्वेटरची बाही वर सारून मोजतात. ती गुंडाळलेली बाही दंड आवळते आणि आकडा बिघडतो. बाहीतून हात पूर्ण बाहेर काढा, खांद्यावर शाल घ्या. खोली गार असेल तर तसंही बीपी थोडं चढतं.
4. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला. हात लोंबकळत ठेवला तर बीपी जास्त येतं.
5. मशीन चालू असताना बोलू नका. फोन उचलू नका. 'किती आलं?' विचारणाऱ्यालाही गप्प बसवा.
6. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे लिहायचे, 'चांगला' आलेला एकच नाही.

हे सकाळी उठल्यावर गोळी आणि नाश्त्याच्या आधी आणि संध्याकाळी, असं दोनदा. सात दिवस. म्हणजे २८ मोजण्या. पहिल्या दिवसाच्या चार सोडून द्यायच्या, कारण नवी नवलाई आणि धाकधूक यांचं बीपी वेगळंच असतं. उरलेल्या २४ ची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ती जास्त मानतात. दवाखान्यातल्या १४०/९० शी घरच्या आकड्याची तुलना करून 'अजून पाच पॉइंट आहेत' असं समाधान करून घेऊ नका.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचं सातत्याने जास्त येतं तोच हात पुढे कायम.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळाकडे पाहू नये. तिसरी पाळी करून सकाळी सातला घरी आलेल्याचं 'सकाळचं बीपी' म्हणजे बारा तास जागलेल्या माणसाचं बीपी. झोपून उठल्यावर मोजा आणि नोंदीत 'रात्रपाळी' लिहा.

> थांबा: १८०/१२० किंवा वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर अंधुक होणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, ॲप उघडू नका, मेसेज टाकू नका. १०८ ला फोन करा. लक्षण नसलं तरी दुसऱ्यांदाही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गरोदर बाईचं १४०/९० किंवा वर आलं तर सात दिवसांचा हिशेब करायचा नाही, त्याच दिवशी कळवायचं.

### शुगर

बोट टोचण्याआधी हात साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा, कोरडे करा. जानेवारी ते एप्रिल हा आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम. टेबलावर घड असतो, जाता-येता दोन मणी तोंडात जातात, बोटं रुमालाला पुसली जातात आणि त्याच बोटाला टोचलं जातं. बोटावर चिकटलेली फळाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्याने ती पूर्ण निघतेच असं नाही, पाणीच लागतं. अनपेक्षित २८० दिसलं तर घाबरण्याआधी हात धुऊन दुसऱ्या हाताच्या बोटाला पुन्हा टोचा.

बोट ओलं ठेवू नका, पाण्याने थेंब पातळ होतो. टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी.

'उपाशी' म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. हे इतकं स्पष्ट लिहावं लागतं, कारण आपल्याकडे 'उपास' आणि 'उपाशी' यांची भेसळ होते. चतुर्थीला सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन, वर चहा घेऊन, दहा वाजता मोजलेली शुगर 'फास्टिंग' या रकान्यात टाकलेली असते. ती जेवणानंतरचीच शुगर आहे. आणि 'जेवणानंतर' म्हणजे पहिल्या घासापासून दोन तास. हात धुतल्यापासून मोजायचे नाहीत.

> थांबा: शुगर ७० च्या खाली आली तर आधी तीन चहाचे चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. नोंद नंतर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८.

मीटर आणि लॅबचा आकडा तंतोतंत जुळत नाही म्हणून मीटर फेकू नका. मीटरच्या आंतरराष्ट्रीय निकषात १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. लॅबमध्ये २०० तर घरी १७५ किंवा २२५ असू शकतं.

वजनाचं एका वाक्यात: सकाळी, लघवीनंतर, तोच काटा, तीच फरशी, आठवड्यातून एकदा.

## ४. आता ॲप: एकच

मशीनच्या कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर तेच घ्या. मशीन साधं असेल, ब्लूटूथ नसेल, तर हाताने आकडे भरायचं कुठलंही साधं ॲप किंवा सरळ गूगल शीट चालतं. साठीच्या पुढच्या माणसासाठी वहीत लिहिणं आणि आठवड्याने मुलीने फोनमध्ये भरणं हीदेखील उत्तम व्यवस्था आहे, त्यात कमीपणा नाही.

उतरवण्याआधी प्ले स्टोअरच्या पानावर तीन गोष्टी पाहा:

- 'डेटा सेफ्टी' या भागात आरोग्याची माहिती इतरांना देतो असं लिहिलंय का.
- खातं आणि डेटा पुसायची सोय आहे का.
- पीडीएफ किंवा सीएसव्ही (शीटमध्ये उघडणारा आकड्यांचा तक्ता) काढता येतं का, आणि ते फुकट आहे का. पुष्कळ ॲप भरून घेताना फुकट असतात, काढून देताना पैसे मागतात.

परवानग्यांमध्ये ब्लूटूथ लागणारच. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथने मशीन शोधायला लोकेशनची परवानगीही लागते, तिथे 'ॲप वापरताना फक्त' एवढंच द्या. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळची उपकरणं' अशी वेगळी परवानगी आहे, म्हणून तिथे लोकेशनला नाही म्हणून पाहा. कॉन्टॅक्ट, मायक्रोफोन, कॉल लॉग यांचा बीपीशी काय संबंध? मागितलं तर नकार द्या, त्यावाचून ॲप अडलं तर ॲप बदला.

एकक तपासा. आपल्याकडची शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असते. परदेशी ॲपमध्ये मिलिमोल असू शकतं, तिथे आपलं १२६ म्हणजे ७. १८ ने गुणा-भागायचं. 'शुगर ७ आली' असा मेसेज वाचून पुण्यातल्या मुलीचा जीव खालीवर होतो, तो याच सेटिंगमुळे.

खुणा तपासा. काही ॲप घड्याळ पाहून स्वतःच 'उपाशी' किंवा 'जेवणानंतर' लावून टाकतात. प्रत्येक नोंदीला खूण हाताने बघा.

## ५. मशीन आणि फोनची जोडणी

मशीन फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडू नका. ॲप उघडा, त्यात 'उपकरण जोडा' निवडा, आपलं मॉडेल निवडा, मग मशीनवरचं ब्लूटूथचं बटण पडदा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. सेटिंगमधून आधीच जोडलं असेल तर तिथून काढून टाका आणि पुन्हा ॲपमधून जोडा.

जोडणीनंतर हमखास होणारे घोटाळे:

एक मशीन, दोन माणसं. आई-बाबा एकाच मशीनवर मोजतात आणि दोघांचे आकडे बाबांच्या खात्यात जातात. आईचं ११८, बाबांचं १५२, सरासरी झकास. पण ती कुणाचीच नाही. मशीनवर १ आणि २ असे दोन वापरकर्ते असतील तर आईचा एक आणि बाबांचा एक ठरवा, मशीनवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा. तशी सोय नसेल तर आईचे आकडे वहीत.

एक मशीन, दोन फोन. मुलगी दिवाळीला आली, तिने हौसेने आपल्या फोनला मशीन जोडलं आणि ती परत गेल्यावर बाबांच्या फोनवर काही येईना. शेवटी ज्या फोनशी जोडलं तोच फोन मशीन शोधत असतं. जोडणी एकाच फोनशी ठेवा. मुलीने बघायची सोय आठव्या टप्प्यात आहे.

बॅटरी वाचवणारे फोन. कित्येक फोन मागे चालणारी ॲप बंद करतात आणि घड्याळाच्या नोंदीत भोकं पडतात. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

दोनदा मोजलेली पावलं. घड्याळ आणि फोन दोघंही पावलं मोजतात. गोदापार्कवर चार हजार पावलं चालून ॲप आठ हजार दाखवत असेल तर हेल्थ कनेक्टमध्ये (वेगवेगळ्या ॲपच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र आणणारी अँड्रॉइडची सोय) जाऊन कुठल्या ॲपला प्राधान्य ते ठरवा. अँड्रॉइड १४ पासून हेल्थ कनेक्ट सेटिंगमध्येच असतं, जुन्या फोनवर प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं. नव्याने परवानगी मिळालेल्या ॲपला एरवी आधीच्या ३० दिवसांचीच नोंद वाचता येते. म्हणून 'माझा वर्षाचा डेटा गेला' असं वाटलं तरी तो मूळ ॲपमध्ये असतो.

> तपासा: एक मोजणी घ्या. मशीनचा पडदा आणि ॲपची नोंद शेजारी धरा. वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, तारीख, वेळ, नाव. सहाही जुळले तरच पुढे जा. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार येत असेल तर ती नोंदीत लिहा. तेव्हा आकड्याचा भरवसा कमी असतो आणि डॉक्टरांना ती खूण स्वतंत्रपणे कळायला हवी.

## ६. जुने रिपोर्ट आणि आभा

लॅबच्या एसएमएसमधली लिंक कायम चालेल असं धरू नका. आली त्याच दिवशी पीडीएफ उतरवून ठेवा. कागदी रिपोर्टचा फोटो काढायचा तर ड्राइव्हमधल्या 'स्कॅन'ने काढा: खिडकीपाशी, सपाट टेबलावर, चारही कोपरे दिसतील असं, सगळी पानं एकाच फाइलमध्ये. नाव, तारीख आणि उजवीकडचा 'नॉर्मल' पल्ला कापला जाऊ देऊ नका. प्रत्येक लॅबचा पल्ला थोडा वेगळा असतो.

फाइलला नाव देताना वर्ष आधी: '२०२६-०२-०५ एचबीए१सी आई' (एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी). दिवस आधी लिहिला तर यादीत ५ फेब्रुवारी आणि ५ ऑगस्ट शेजारी येतात. सीटी-एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो रेडिऑलॉजिस्टच्या कामाचा नसतो. सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या.

आता आभा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा १४ आकडी क्रमांक. आभा ॲपवर किंवा सरकारी संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीने फुकट निघतो. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असेल तर ओटीपी येणार नाही. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, मग आभा. पैसे घेऊन 'आभा कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका.

आभाबद्दलचे तीन गैरसमज काढून टाका.

एक, आभा म्हणजे उपचाराचं कार्ड नाही. पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. आभा फक्त कागदपत्रं जोडायचा क्रमांक आहे. ॲडमिशनच्या काउंटरवर आभा दाखवून 'कॅशलेस करा' म्हटलं तर होत नाही.

दोन, सगळे रिपोर्ट आपोआप येत नाहीत. दवाखान्याची किंवा लॅबची संगणक व्यवस्था आभाशी जोडलेली हवी आणि नोंदणीच्या वेळी त्यांनी तुमचा आभा क्रमांक लावलेला हवा. काउंटरवर आधी सांगा. बिल झाल्यावर आठवून उपयोग कमी. ओपीडीत क्यूआर कोड लावलेला असेल तर ॲपमधून तो स्कॅन केला की नाव-वय-पत्ता काउंटरवर पोचतो, नोंदणीसाठी पुन्हा सगळं सांगत बसावं लागत नाही. स्कॅनने जाते ती ओळख. रिपोर्ट त्यातून जात नाहीत, त्यांची संमती वेगळी.

तीन, प्रत्येक वेळी नवा आभा पत्ता (क्रमांकाबरोबर मिळणारं, ईमेलसारखं दिसणारं नाव) काढायचा नसतो. आधी एक, मग पासवर्ड विसरला म्हणून दुसरा, असं केलं की काही रिपोर्ट एका पत्त्याला आणि काही दुसऱ्याला जोडले जातात. असलेला पत्ता मोबाइल नंबरने शोधून तोच वापरा आणि रिपोर्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

संमतीची विनंती आली की न वाचता 'मंजूर' दाबू नका. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारची कागदपत्रं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची, आणि परवानगी कधी संपते, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. गुडघ्यासाठी गेलात तर दहा वर्षांचं सगळं द्यायची गरज नाही, मंजुरीआधी तारखा आणि प्रकार कमी करा. दिलेली मंजुरी नंतर मागे घेता येते, त्याने पुढचं मिळणं थांबतं. डॉक्टरांनी केसपेपरवर उतरवलेलं मात्र पुसलं जात नाही.

## ७. डॉक्टरांना पाठवणं

आधी विचारा: 'मेसेजवर पाठवलं तर चालेल का, आणि कुठल्या नंबरवर?' कित्येक दवाखान्यांत रिसेप्शनचा वेगळा नंबर असतो. डॉक्टरांच्या खासगी नंबरवर चाळीस स्क्रीनशॉट टाकणं हा दोघांनाही ताप.

पाठवायचं ते असं. आकडे उदाहरणादाखल:

> नमस्कार डॉक्टर.
> रुग्ण: (पूर्ण नाव), वय ६४, फाइल क्रमांक ______
> घरचं बीपी, ३ ते ९ फेब्रुवारी, दंडाचं मशीन, डावा हात.
> पहिला दिवस सोडून २४ मोजण्या. सकाळची सरासरी १४६/८८, संध्याकाळची १३२/८२.
> सर्वांत जास्त १५८/९४ (६ ला सकाळी), सर्वांत कमी १२२/७६ (८ ला संध्याकाळी). नाडी ६८ ते ८२.
> गोळी: टेल्मिसार्टन ४०, सकाळी ८ वाजता, मोजून झाल्यावर. एकही चुकलेली नाही.
> चक्कर नाही, पायाला सूज नाही. ५ ला रात्री लग्नाचं जेवण, उशिरा झोप.
> प्रश्न: सकाळचं सारखं जास्त येतंय. लवकर दाखवायला येऊ, की १२ तारखेच्या तपासणीपर्यंत थांबू?
> सोबत सात दिवसांची पीडीएफ.

यात गंमत अशी, की रात्री अकराचा तो १५८/९४ इथेही आहे. फक्त आता त्याच्या आजूबाजूला २३ आकडे आहेत आणि ६ च्या सकाळच्या आदल्या रात्री लग्नाचं जेवण होतं हेही दिसतंय. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी लिहिल्यामुळे गोळीचा असर दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत नसेल अशी शंका डॉक्टरांना घेता येते. दोन्हींची एकच सरासरी १३९/८५ लिहिली असती तर ते झाकलं गेलं असतं. शंका डॉक्टरांनी घ्यायची, गोळीची वेळ किंवा ताकद आपण बदलायची नाही.

चुकलेली गोळी लपवू नका. 'दोन दिवस गोळी संपली होती' हे न सांगितल्याने नवी गोळी वाढते आणि मग चक्कर येऊन माणूस पडतो. रविवारची मिसळ, सोबतचे पापड, प्रवासातला चिवडा, हेही दोन शब्दांत लिहा. तुम्हाला रागवायला नाही, मिठाने बीपी हलतं म्हणून.

पाठवताना:

- पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून धूसर करतं.
- लॅबच्या पीडीएफला पासवर्ड असेल तर तो कळवा. कुलूपबंद फाइल पाठवून उत्तराची वाट पाहणारे खूप.
- नंबर पुन्हा वाचा. 'डॉक्टर' नावाने सेव्ह केलेले तीन नंबर असतील तर त्यातला एक गुरांच्या डॉक्टरांचाही असू शकतो.
- आयफोनच्या हेल्थ ॲपमधली 'एक्स्पोर्ट ऑल हेल्थ डेटा'ची झिप फाइल डॉक्टरांना पाठवू नका. त्यात माणसाला वाचता न येणाऱ्या हजारो ओळी असतात. ती आपल्या साठवणीसाठी.

## ८. घरच्यांना दाखवणं

'आपलं कुटुंब' या ५३ जणांच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकला की तो ५३ गॅलरींमध्ये आणि त्यातल्या निम्म्यांच्या क्लाउडवर गेला. रिपोर्टवर पूर्ण नाव, वय, मोबाइल नंबर असतो. शिवाय मेव्हण्याच्या साडूचा काढा सुरू होतो तो वेगळाच.

एकच माणूस ठरवा. बाबा नाशिकच्या सिडकोत आणि मुलगी पुण्याच्या हिंजवडीत, तर मुलगी. आयफोन दोघांकडे असेल तर हेल्थ ॲपमधल्या 'शेअरिंग'मधून निवडक गोष्टीच तिला दाखवता येतात. अँड्रॉइडवर सगळ्यात सोपं म्हणजे एक गूगल शीट, फक्त तिच्या ईमेललाच उघडणारी. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय नको. आणि बाबांचा फोन आहे, बाबांना विचारून करा. त्यांच्या मागे त्यांच्या फोनमधून स्वतःला नोंदी पाठवायची सोय करणारी मुलं काळजीपोटीच करतात, पण एकदा कळलं की बाबा मोजणंच बंद करतात.

शेवटी फोनच्या लॉकवरची आपत्कालीन माहिती भरा: रक्तगट, औषधांची ॲलर्जी, चालू गोळ्या, एक नंबर. अँड्रॉइडमध्ये ती 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त, आयफोनमध्ये हेल्थ ॲपच्या 'मेडिकल आयडी'त. कुलूप न उघडता ती दिसते का, हे स्वतः फोन लॉक करून तपासा. 'लॉक असताना दाखवा' हे बटण राहून जातं.

## ९. थांबवणं, बदलणं, पुसणं

सात दिवस झाले, डॉक्टरांनी पाहिलं, गोळी ठरली. आता रोज चारदा मोजायचं कारण नाही. पुढचं वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्या. दर तासाला मोजणाऱ्याचं बीपी मोजण्याच्या धास्तीनेच चढतं.

ॲप नको असेल तर क्रम असा: आधी पीडीएफ किंवा सीएसव्ही काढून घ्या, मग ॲपच्या आतून खातं आणि डेटा पुसा, मग ॲप काढा. नुसतं ॲप काढलं तर कंपनीकडची नोंद तशीच राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं, असं लिहिलेलं आहे. पुसायचं बटण सापडत नसेल तर प्ले स्टोअरच्या पानावरच्या 'डेटा सेफ्टी'त त्याची लिंक शोधा.

फोन विकताना किंवा नातवाला देताना हेच सगळं, आणि वर फॅक्टरी रीसेट. त्याआधी नव्या फोनवर जुन्या नोंदी दिसतात का ते उघडून बघा.

दर तीन महिन्यांनी एकदा बीपीची सरासरी, शेवटचं एचबीए१सी, चालू गोळ्या आणि घरचा एक नंबर एका कागदावर छापून पाकिटात ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणार असाल तर नक्कीच. त्या गर्दीत फोनचं नेटवर्क दगा देऊ शकतं, बॅटरी संपते, आणि ओलं बोट फिंगरप्रिंटला लागत नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, घडीच्या आतल्या बाजूला तारीख लिहा.